बिघडलेला नायक कोणाचा?

गेल्या वर्षी समकालीन कादंबरीवरच्या एका चर्चासत्राला आम्ही तिघे गेलो होतो. तिघेही गोंदिया जिल्ह्यात मराठी शिकवतो; दोन पुरुष, एक स्त्री. सोबत पदव्युत्तर वर्गातल्या अकरा मुली होत्या. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या भागांतून पहाटे निघून, बस आणि गाडी बदलत त्या आल्या होत्या. सकाळच्या सत्रातल्या वक्त्यांनी आजच्या लोकप्रिय प्रेमकथांचा विषय काढला आणि सभागृहाचा कल ओळखून एक वाक्य टाकले : मुलींना आता राम नको आहे, रावणही नको आहे, त्यांना गल्लीतला गुंड हवा आहे. उद्धट, व्यसनी, प्रसंगी हात उगारणारा नायक त्यांना मर्द वाटतो आणि सरळमार्गी मुलगा बावळट. टाळ्या पडल्या. आमच्यापैकी दोघांनीही त्या वाजवल्या, हे आधीच कबूल करून टाकतो. मागच्या रांगेतल्या आमच्या मुलींनी मात्र वाजवल्या नाहीत. एकीने हातातला मोबाइल हळूच पालथा करून मांडीवर ठेवला, एवढे आमच्या सहकारी बाईंनी पाहिले.

दुपारच्या सत्रात त्याच वक्त्यांनी भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’वर निबंध वाचला. निबंध चांगला होता. नाक्यावरच्या पोरांची भाषा, त्यांची बेफिकिरी, मध्यमवर्गीय नीतीच्या तोंडावर त्यांनी मारलेली थप्पड यांचा त्यात मनःपूर्वक गौरव होता. पुन्हा टाळ्या पडल्या. परतीच्या प्रवासात गाडी तुमसर रोडच्या पुढे आली तेव्हा आमच्या लक्षात आले की सकाळी ज्या पोराला आपण गुंड म्हणून हसलो, दुपारी त्यालाच विद्रोही म्हणून गौरवले. फरक एवढाच की सकाळी त्याच्यावर मुली प्रेम करत होत्या.

आमचे भांडण या फरकाशी आहे.

मराठीत बिघडलेल्या नायकाची परंपरा क्षीण नाही आणि ती अप्रतिष्ठितही नाही. १९६३ साली ‘कोसला’ आली. पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला जातो, वडिलांचा पैसा उधळतो, परीक्षेचे मातेरे करतो आणि रिकाम्या हाताने गावी परततो. या रिकामेपणाला आम्ही वर्गात अस्तित्ववादी जाणीव म्हणतो, आणि ते चूक आहे असे नाही. १९६५ च्या ‘वासूनाका’तली पोरे येणाऱ्याजाणाऱ्या पोरींची टेहळणी करतात, त्यांच्यावर शेरे मारतात, डाव टाकतात. आचार्य अत्रे यांनी त्या पुस्तकावर शस्त्र उपसले होते. आज अत्र्यांची बाजू घेणारा मराठीचा प्राध्यापक शोधून सापडणार नाही आणि आम्हीही ती घेणार नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. त्या नाक्यावरून जाणारी मुलगी आमच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसलेली असते. आपल्याकडे पाहणाऱ्या पोरांच्या डोळ्यांनी तिने स्वतःकडे पाहावे, त्यातली वाङ्मयीन गुणवत्ता ओळखावी आणि दहा गुणांचे उत्तर लिहावे, अशी आमची अपेक्षा असते. ती ते लिहितेही. मात्र तीच मुलगी बिघडलेल्या पोराकडे स्वतःच्या डोळ्यांनी, स्वतःच्या इच्छेने पाहू लागली की आम्हांला अभिरुचीची चिंता सुरू होते.

सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ १९८२ ची. कट्टा, मारामाऱ्या, बापाशी तुटलेपण, मैत्रीसाठी वाटेल ते करणारा दिग्या. मुलांनीही वाचली, मुलींनीही वाचली. २०१३ साली चित्रपट आला तेव्हा ज्यांनी पुस्तक वाचले नव्हते त्यांनीही दिग्या आपलासा केला. इतक्या वाचकांच्या मनात घर केलेली ही कादंबरी मराठी विभागांत क्वचितच उघडली जाते. कारण विचारले तर ‘रंजनप्रधान’ हा एक शब्द मिळतो, आणि त्या शब्दापाशी चर्चा संपते.

या नायकाचे आकर्षण नेमके कशाचे, हे समजून घ्यायला परदेशी मानसशास्त्राकडे धाव घेण्याची गरज नाही. आम्ही दरवर्षी साहित्यशास्त्राच्या तासाला नायकभेद शिकवतो. शृंगाराच्या दृष्टीने नायक चार प्रकारचा : अनुकूल, दक्षिण, धृष्ट आणि शठ. अनुकूल म्हणजे एकीशीच निष्ठ. धृष्ट म्हणजे अपराध उघडा पडला तरी न लाजणारा, दटावले तरी न भिणारा. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त या चौघांना चार खणांत ठेवले. लोकप्रिय प्रेमकथेने त्यांतले दोन खण एकमेकांत उघडून दिले. तिचा नायक जगाशी धृष्ट असतो आणि एकीशी अनुकूल. बापाला जुमानत नाही, मालकाला जुमानत नाही, पोलिसाला जुमानत नाही. आणि तिच्या एका शब्दाने थांबतो. वाचक मुलगी भाळते ती गुंडगिरीवर नव्हे. ती या अपवादावर भाळते. साऱ्या जगाला नकार देणारा माणूस मला नकार देत नाही, हे ते सुख आहे. चर्चासत्रातल्या वक्त्यांनी या समीकरणातला पहिला अर्धा भाग वाचला आणि दुसरा सोडून दिला.

पण जगाला नकार देणे हा गुण का वाटावा? याचे उत्तर आम्हांला कोणत्याही समीक्षाग्रंथात मिळाले नाही, ते आमच्या विद्यार्थिनीकडून मिळाले. चर्चासत्रानंतर आठवडाभराने तिने आमच्या सहकारी बाईंना सांगितले, “मॅडम, माझं जमलंय. मुलगा वाईट नाही. पण मी बी.एड. करू का असं विचारलं, तर म्हणतो, घरचे म्हणतील तसं. लग्नानंतर कुठं राहायचं? घरचे म्हणतील तसं. त्या स्टोरीतला मवाली निदान ‘मी’ म्हणतो तरी.”

या उत्तरावर आम्ही बरेच दिवस विचार केला. आमच्या भागात ‘मुलगा चांगला आहे’ या वाक्याचा अर्थ ठरलेला आहे. पाच-सहा एकर धानाची शेती, नाहीतर राइस मिलमध्ये किंवा सरकारात नोकरी, व्यसन नाही, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे मोठ्यांच्या शब्दाबाहेर नाही. हा चांगुलपणा त्याच्या आईवडिलांच्या दृष्टीने मोजलेला असतो. जिला त्याच्यासोबत जन्म काढायचा आहे तिच्या बाजूने पाहिले तर या गुणाचा अर्थ एवढाच होतो, की सासूने ‘नाही’ म्हटल्यावर हा ‘हो’ म्हणणार नाही. आज्ञाधारक पुत्र आणि आधार देणारा नवरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुष्कळदा परस्परविरोधी आहेत, हे वीस-बावीस वर्षांच्या मुलीला कळते. कथेतल्या बिघडलेल्या नायकाने तिच्यासमोर ठेवलेली पहिली योग्यता ही असते की त्याने बापाची आज्ञा मोडलेली असते. फडक्यांच्या काळातल्या नायकाला ही गरज नव्हती. तो सुशिक्षित होता, देखणा होता, टेनिस खेळत होता, आणि त्याच्या घरचा विरोध लेखकाने शेवटच्या प्रकरणापर्यंत मावळवून टाकलेला असे. आजच्या वाचक मुलीचा त्या मावळण्यावर विश्वास उरलेला नाही. विरोध मावळत नसेल तर तो मोडणारा माणूस हवा, असा तिचा साधा हिशेब आहे. या हिशेबात आम्हांला विकृती दिसत नाही. उलट ज्यांना आपण चांगली मुले म्हणतो त्यांच्याविषयीचा असा स्पष्ट अभिप्राय आमच्या कोणत्याही गंभीर कादंबरीने गेल्या काही वर्षांत दिलेला नाही.

इथपर्यंत आम्ही मुलींच्या बाजूने आहोत. आता त्यांच्या पुस्तकांशी भांडायचे आहे, आणि हे भांडण अधिक अवघड आहे. कारण एव्हाना ही पुस्तके पुस्तकेही राहिलेली नाहीत. आमच्या लहानपणी गोंदियाच्या फलाटावर हिंदीतला गुलशन नंदा मिळे. भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांत काकोडकर आणि बाबा कदम मिळत. आता ‘प्रतिलिपी’सारख्या ठिकाणी मोबाइलवर रोज एक भाग येतो. लिहिणाऱ्या पुष्कळशा स्त्रियाच असतात. नायक बहुधा कोट्यधीश, काळ्या गाडीतून फिरणारा, कमी बोलणारा, संतापी. नायिका गरीब, सोशिक, करारापुरते लग्न केलेली. तिसाव्या भागापर्यंत तो तिचा अपमान करतो. साठाव्या भागात कळते की बालपणी त्याच्यावर आघात झाला होता.

या आघाताने आपल्याकडे किती अपराध धुऊन काढले आहेत! याचे सर्वांत मोठे मराठी उदाहरण कोणत्याही स्वस्त प्रेमकथेत नाही. ते कर्ण आहे. १९६७ साली शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ प्रसिद्ध झाली आणि पिढ्यान्‌पिढ्यांनी कर्णाला हृदयाशी धरले. जन्मतःच टाकलेला, कुळावरून हिणवलेला, दानशूर, मित्रासाठी मरणारा. आम्हीही त्या वयात रडलो आहोत. मात्र महाभारताच्या सभापर्वात द्रौपदीला भर सभेत वेश्या म्हणणारा आणि तिची वस्त्रे उतरवायला सांगणारा पुरुष हाच आहे. त्याच १९६७ साली इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ही आले, आणि त्यात बाईंनी कर्णाला ही सूट दिली नाही. एकाच वर्षाची दोन पुस्तके. मराठी वाचकाने घरोघरी नेले ते पहिले. ज्या समाजाचा लाडका नायक, जखम खोल असेल तर स्त्रीचा अपमानही माफ होतो हे शिकवून गेला, त्या समाजातल्या प्राध्यापकांनी मोबाइलवर साठावा भाग वाचणाऱ्या मुलीला हसावे, हे आम्हांला शोभत नाही.

दुसरी फसवणूक सुधारणेची. स्त्रीच्या प्रेमाने बिघडलेला पुरुष सुधारतो, या आश्वासनावर या कथांचा सारा डोलारा उभा आहे. दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत वडशाच्या कंपन्या गावोगाव नाटके घेऊन येतात, रात्रभर प्रयोग चालतो. घरादाराला लाथ मारणारा दारुडा पहाटेच्या अंकात बायकोच्या पाया पडतो आणि जमिनीवर घोंगड्या अंथरून बसलेल्या बायका डोळे पुसतात, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. त्यांतल्या कित्येकींच्या घरी तो सकाळी तसाच पडलेला असे. म्हणून आम्हांला राम गणेश गडकरी इथे फार मोठे वाटतात. गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’त सुधाकर सिंधूच्या प्रेमाने सुधारत नाही. ती दळणे दळते, सोसते, वाट पाहते. तो दारूच्या नशेत मूल मारतो, तिच्या मरणाला कारण होतो, आणि मरतानाही ती त्याला कायद्यापासून वाचवण्यासाठी खोटे बोलते. सिंधूचा आदर्श आम्हांला आज पटत नाही, तो पटू नयेच. पण गडकऱ्यांनी तिच्या सोसण्याची किंमत दाखवताना हात आखडता घेतला नाही. आमचे इंग्रजीचे सहकारी १८४७ सालची ‘वुदरिंग हाइट्स’ शिकवतात. तिथेही हीथक्लिफला प्रेमकथेतला नायक समजून त्याच्याबरोबर पळून गेलेल्या इझाबेलाची कशी दशा होते ते एमिली ब्राँटीने लपवलेले नाही. तो स्वतःच तिच्या या गैरसमजाची टर उडवतो. ज्या पुस्तकाला सगळे जग अशा नायकांची गंगोत्री मानते, त्याच पुस्तकात ही सूचना लिहून ठेवलेली आहे.

तिसरी फसवणूक आमच्या मते सर्वांत मोठी, आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. आज्ञा मोडावी, दार ओलांडावे, ‘मी’ म्हणावे, ही इच्छा मुळात वाचणाऱ्या मुलीची आहे. कथा ती इच्छा तिच्याकडून काढून घेते आणि पुरुषाच्या अंगावर चढवते. बिघडण्याचा हक्क त्याचा. नायिकेने मात्र चांगलेच राहायचे, कारण ती चांगली असेल तरच तो तिच्यापुरता अपवाद करणार. म्हणजे जी बेडी तोडायची म्हणून मुलगी या कथेकडे आली, तीच बेडी तिला नायकाचे बक्षीस मिळवण्याची अट म्हणून परत घातली जाते.

हे असेच असावे लागते, असे नाही. आपल्या गौळणींत कृष्ण खोड्या करतो, घागरी फोडतो, वाट अडवतो. पण गोपीही घरात बसून राहत नाही. सासू, नणंद, दूध-दुभते टाकून तीही निघते. तिथे मर्यादा दोघेही मोडतात. १९३४ साली विभावरी शिरूरकरांनी ‘हिंदोळ्यावर’ लिहिली. अचला लग्नाच्या चौकटीबाहेर पुरुषाशी नाते जोडते आणि मातृत्वाचा हक्क मागते. बिघडली असेल तर तीच बिघडली, स्वतःच्या नावावर बिघडली. लेखिकेला मात्र स्वतःचे नाव झाकावे लागले होते. मालतीबाई बेडेकर आणि विभावरी एकच, हे मागाहून उघड झाले. पांडुरंगाच्या निर्मात्याला टोपणनाव घ्यावे लागले नाही, भाऊ पाध्यांनाही नाही. बिघडलेल्या नायकाचा लेखक आणि बिघडलेल्या नायिकेची लेखिका यांना मराठीने काय वेगवेगळे भाव दिले, हे एवढ्या एका गोष्टीत दिसते.

आता दुसऱ्या टोकाच्या मित्रांविषयी थोडेसे. हा सगळा कल्पनेचा खेळ आहे, प्रौढ स्त्रीने काय वाचावे यात लुडबुड नको, असे ते म्हणतात. लुडबुड नको, हे मान्य. चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातली ती कथा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९६९ साली काकोडकर निर्दोष सुटले. कोवळ्या वयाच्या वाचकाचे भय हीच कसोटी धरली तर त्याच्या हाती कादंबरी म्हणून काही उरणारच नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. आमचेही तेच आहे. पण कल्पनेचा खेळ कोणाच्या मनातून खेळला जातो, हे पाहावे लागते. प्रेमकथा नायिकेच्या मनातून सांगितलेली असते. तिचा ‘नाही’ हा खरोखर ‘नाही’ आहे की नाही हे वाचणारीला माहीत असते, म्हणून नायकाचा हट्ट तिला सुरक्षित वाटतो. हाच हट्ट पडद्यावर येतो तेव्हा नायिकेचे मन गाळलेले असते. ‘अर्जुन रेड्डी’ २०१७ चा, त्यावरून केलेला हिंदी ‘कबीर सिंग’ २०१९ चा. कबीर वर्गात शिरून एका मुलीवर आपला हक्क जाहीर करतो, आणि ती बराच वेळ बोलतच नाही. तिच्या मनात काय आहे हे सांगायची दिग्दर्शकाला गरज वाटली नाही. आमच्या वर्गातल्या मुलींनी कथा वाचल्या, मुलांनी चित्रपट पाहिला. मुलींनी हट्टात निष्ठा पाहिली, मुलांनी हट्टात पद्धत पाहिली.

३ फेब्रुवारी २०२० ला वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला तिच्यामागे लागलेल्या माणसाने भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवले. ती महाविद्यालयात शिकवायला निघाली होती. आठवड्याने ती नागपूरच्या रुग्णालयात गेली. २०२२ साली न्यायालयाने आरोपीला जन्मठेप दिली. तो काय वाचत होता, काय पाहत होता याच्याशी आम्हांला कर्तव्य नाही, कोणत्याही पुस्तकावर आम्ही हा गुन्हा लादणार नाही. आम्ही एवढेच पाहिले, की त्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये मुलींनी कसे वागावे, काय वाचावे, मोबाइल किती वापरावा यावर भरपूर बोलणे झाले. मुलांनी काय वाचावे यावर एक वाक्यही झाले नाही. ‘वासूनाका’ त्या सत्रात शिकवायची होती, ती आम्ही नेहमीप्रमाणे शिकवली. टेहळणीच्या प्रसंगांपाशी थांबून नाक्यावरून जाणाऱ्या मुलीच्या बाजूने एखादा प्रश्न विचारावा, हे आम्हांला तेव्हा सुचले नाही. सुचायला हवे होते.

घरचे म्हणतील तसे करणाऱ्या मुलाशी जिचे लग्न ठरले होते, तिने दुसऱ्या वर्षाच्या लघुप्रबंधासाठी लोकप्रिय मराठी प्रेमकथांतला बिघडलेला नायक हा विषय मागितला. आम्ही तो पुढे पाठवला. ‘विषय वाङ्मयीन नाही’ असा शेरा मारून तो परत आला. शेरा मारणाऱ्यांचे नाव घेण्यात अर्थ नाही. पाच वर्षांपूर्वी आम्हीही तोच मारला असता. पुढच्या महिन्यात आम्ही तोच विषय त्याच शीर्षकासह पुन्हा पाठवत आहोत. प्रकरणे तिने स्वतः आखली आहेत. पहिले सुधाकरावर, दुसरे कर्णावर, तिसरे मोबाइलवरच्या कथांवर, आणि चौथे, तिच्याच आग्रहावरून, पांडुरंग सांगवीकरावर.